तुमची खंजिरी सुरक्षित आहे, मामा

बार्शीटाकळी, जि. अकोला
रविवार, दुपारची वेळ

तीर्थरूप शालिकराम मामा आणि तीर्थरूप शकुन मामी यांना अपेक्षाचा डोकं पायांवर टेकवून नमस्कार.

(फोनवर नमस्कार म्हटलं की मामा "हं, बोल लवकर" म्हणतात आणि मग स्वतःच बोलत बसतात. पत्रात त्यांना तसं करता येत नाही, म्हणून यंदा माझा नमस्कार पूर्ण झाला. पत्र लिहिण्याचं एक कारण हे. दुसरं हळूहळू येईल.)

मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता उजेड सहन होतो का? डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे, तेव्हा हे पत्र मामीच मोठ्याने वाचून दाखवत असतील. मामी, एक विनंती आहे. मी कंसात थांबायला सांगेन तिथे थांबा आणि मामांच्या चेहऱ्याकडे एकदा बघून मगच पुढे जा. तुमच्या गुडघ्यांना तेल लावणं चालू आहे ना? तूर सोंगून झाली का? रानडुकरांनी हरभरा किती ठेवला? (मामा, रानडुकरांवरून तुमचा वनखात्यावर किती राग आहे ते मला माहीत आहे. तो राग या पत्रापुरता जरा बाजूला ठेवावा.) म्हैस कशी आहे? इकडे आई बरी आहे, बाबा पहाटे मेथी-पालक घेऊन बाजारात जातात, मीही बरी आहे. म्हणजे उभी आहे.

सगळ्यात आधी हे सांगते की तुमची खंजिरी सुरक्षित आहे. तिला ओरखडा नाही, झांजा जागच्या जागी आहेत, एकदाही जमिनीवर ठेवली नाही. ती कुलपात आहे. कुलूप माझं नाही, पण मजबूत आहे आणि त्या इमारतीला चौकीदारसुद्धा आहे. (मामी, इथे मामा "कोनाचं कुलूप?" असं विचारतील. त्यांना सांगा, पोरीनं पुढं लिहिलं आहे.)

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत उपक्रम सप्ताह झाला. उपक्रम म्हणजे मुलांनी काहीतरी करायचं, आम्ही त्याचा फोटो काढायचा आणि आमचे मुख्याध्यापक गावंडे सर यांनी तो मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचा. मग वरून कुणीतरी अंगठा दाखवतं. तो अंगठा येईपर्यंत सर जेवत नाहीत. मी शाळेत सगळ्यात नवी, शिक्षणसेवक, म्हणजे अजून कायम नाही, म्हणजे ज्या कामाला मालक नाही ते काम माझं. गावंडे सर रागावत कधीच नाहीत. ते फक्त "बघू" म्हणतात. सुट्टी मागितली, बघू. खडू संपले, बघू. मी कायम कधी होणार असं एकदा विचारलं, तेव्हा बघू म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तेव्हापासून मला त्या खिडकीचीसुद्धा भीती वाटते.

पण मामा, मी शिकले ती नुसते फोटो काढायला नाही. आपल्या घरात मीच पहिली कॉलेजात गेले, तर माझ्या वर्गातल्या मुलींना माझ्याकडून काहीतरी खरं मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी सरांना दोन गोष्टी सुचवल्या. एक, सोमवारी वन्यजीवांवर व्याख्यान ठेवू आणि शनिवारी समारोपाला वनखात्याच्या रेंजर साहेबांना बोलावू. दुसरी, मुलींचं खंजिरी भजन मंडळ काढू आणि त्याला गुरुवारच्या तालुक्याच्या स्पर्धेत उतरवू. कारण आमच्या गावात खंजिरी फक्त बाप्ये वाजवतात आणि पोरी मागे बसून टाळ्या वाजवतात. सर दोन्हीला "हो" म्हणाले. बघू नाही, हो. मी तिथेच घाबरायला हवं होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी तुमच्याकडे आले, तुम्ही मला खुर्चीवर बसवलं, स्वतः उभे राहिलात, आणि देवघरातून खंजिरी काढून म्हणालात, "घ्या म्याडम." मला तेव्हा रडू आलं होतं, मी चहाच्या कपामागे लपवलं. मग तुम्ही सूचना दिल्या. पिशवी कापडाची पाहिजे. वाजवायच्या आधी कोवळं ऊन दाखवायचं. पोरींच्या हाताला तेल नको. आणि शेवटी तेच, जे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, "खरी घोरपड हाय, बकरी नोहे. बोट लावलं का बोलते." (गावच्या हरिनाम सप्त्यात कुणीतरी आवाज बकरीचा वाटतो म्हणालं होतं, तर तुम्ही पंगतीतून उठून आलात आणि त्या माणसाशी अजून बोलत नाही, हेही त्या दिवशी पुन्हा सांगितलंत.)

आता माझ्या मूर्खपणाबद्दल लिहिते. खंजिरी घोरपडीच्या चामड्याची आहे हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. घोरपड मारणं आणि तिचं चामडं बाळगणं गुन्हा आहे, कायद्यात ती थेट वाघाच्या रांगेत बसते, हेही मला शिकल्यापासून माहीत होतं. पण या दोन माहित्या माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या. एकमेकींकडे हळदीकुंकवालासुद्धा गेल्या नव्हत्या.

त्यांची भेट सोमवारी झाली, माझ्याच व्याख्यानात, सगळ्या शाळेसमोर. मी अगदी रंगात आले होते. वाघ झाला, बिबट झाला, खवल्या मांजर झालं. मागून कुणीतरी विचारलं, "म्याडम, अन् घोरपड?" मी म्हणाले, घोरपडसुद्धा! तिचं कातडं घरात नुसतं ठेवलं तरी तुरुंग! हात वर करून म्हणाले मी हे. आणि समोर पहिल्या रांगेत आठवीची चंदा बसली होती, आमच्या मंडळाची खंजिरीवाली, मांडीवर तुमची खंजिरी घेऊन. कारण आदल्याच आठवड्यात मी तिला अभिमानाने सांगितलं होतं की ही साधीसुधी नाही, खऱ्या घोरपडीची आहे. चंदाने खंजिरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग हळूच ओढणी काढून खंजिरीवर टाकली, जशी झोपलेल्या लेकराला पांघरतात तशी. मी पुढे हरणांबद्दल काय बोलले मला आठवत नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या.

मंगळवारी बाल आनंद मेळावा होता. मुलं भजी, भेळ, उकडलेल्या शेंगा विकत होती आणि मी खंजिरी छातीशी धरून फिरत होते. शेवटी सुचेना म्हणून खिचडीच्या तांदळाच्या कोठीत खोल पुरून ठेवली. (मामा, तांदूळ कोरडा आणि स्वच्छ होता.) थोड्या वेळाने स्वयंपाकाच्या आशाबाई कोठीत माप घालायला गेल्या आणि आतून छन्न आवाज आला. त्या खंजिरी हातात घेऊन दारात आल्या आणि सगळ्या मेळाव्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्याडम, हे खिचडीत टाकाचं हाय का भाजीत?" मी म्हटलं, हळू बोला आशाबाई. तर त्या आणखी मोठ्याने, "कावून? चोरीची हाय का?"

बुधवारी क्रीडा दिवस. त्या दिवशी पिशवी खांद्यावरच ठेवली, तर मैदानावरचा एक कुत्रा दिवसभर माझ्या मागे. मी शर्यतीची शिट्टी वाजवायला उभी राहिले की तो पिशवीला नाक लावून बसे. मला खात्री झाली की हा वनखात्याचा आहे. मुलांनी त्याला बिस्कीट दिलं, त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी अकोल्याला जाऊन मी एक फायबरची खंजिरी आणली, निळ्या रंगाची, आणि गुरुवारी सकाळी चंदाच्या हातात दिली. तिने एकच थाप मारली आणि परत दिली. म्हणाली, "म्याडम, हे तं डबा हाय." मी तिला समजावलं की बाई, नियम, कायदा, पर्यावरण. ती मान हलवत राहिली आणि निळी पुन्हा हातात घेतली. मला वाटलं समजलं.

बार्शीटाकळीच्या मंचावर पडदा वर गेला तेव्हा चंदाच्या हातात तुमची खंजिरी होती. माझ्या पिशवीतून तिने ती कधी काढली मला कळलंच नाही. निळी खंजिरी तिने पेटीवाल्या सरांच्या खुर्चीखाली सरकवली होती. मी मंचाच्या बाजूला उभी होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. पण मामा, भीती बाजूला ठेवून एक गोष्ट सांगते. त्या पोरींनी असं भजन म्हटलं की मागच्या रांगेतले तंबाखू मळणारे बाप्ये मळायचे थांबले. चंदाची बोटं दिसत नव्हती. एका म्हातारबाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोनाची पोरगी हाय वं हे?" मी म्हणाले, माझी. पहिला नंबर आला. आता या पोरी पुढच्या फेरीसाठी गुरुकुंज मोझरीला जाणार आहेत. चंदाच्या वडिलांनी आजवर तिला घरात खंजिरीला हात लावू दिला नव्हता, ते त्या दिवशी तिची चप्पल हातात घेऊन मागे चालत होते, कारण ती आनंदाने अनवाणीच निघाली होती.

गावंडे सर तर इतके खूश झाले की त्यांनी फोटो काढला, मधोमध चंदा, चंदाच्या हातात खंजिरी, आणि तो ग्रुपवर टाकलाच, शिवाय रेंजर साहेबांनाही पाठवला. खाली लिहिलं, "शनिवारी आपल्यासमोर सादर होईल." साहेबांचा अंगठा आला. सर जेवले. मी जेवले नाही.

शुक्रवारी मी हिंमत करून सरांच्या खोलीत गेले आणि खरं काय ते सांगू लागले. सर, ती खंजिरी आहे ना, ती घोरप... एवढं म्हणेपर्यंत सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, "म्याडम, तुमी काही बोल्ल्या नाही अन् मी काही आयकलं नाही. माह्यी पेन्शन जवळ आली." मग कानावरचे हात न काढताच मला जायची खूण केली. मी विचारलं, मग कार्यक्रम रद्द करायचा का? ते त्यांना ऐकू गेलं नाही.

(मामी, आता इथे थांबा. मामांना बसवा. ते बसलेलेच असतील तर मागे उशी द्या.)

शनिवारी रेंजर साहेब आले. मला वाटलं होतं मिश्या असतील, हातात काठी असेल. तसं काही नव्हतं. बारीकसे, चष्म्यातले, आपल्याच बोलीत बोलणारे गृहस्थ. मला त्यांची जास्तच भीती वाटली, कारण मिशीवाल्या माणसाची तयारी मी केली होती. पोरींनी भजन म्हटलं. साहेब गुडघ्यावर ठेका धरत होते. संपल्यावर ते माइकपाशी गेले, शाबासकी दिली, आणि खाली वाकून चंदाला प्रेमाने विचारलं, "बेटा, आवाज लय गोड हाय. कायच्या चामड्याची हाय ही?"

गावंडे सर छताच्या पंख्याकडे बघू लागले. चंदाने माझ्याकडे पाहिलं. मामा, मी लहानपणापासून तुमचं ऐकत आले की खोटं बोलणाऱ्याच्या हातात वाद्य लागत नाही. ती खोटं बोलली असती तर ते माझ्यासाठी बोलली असती. खरं बोलली असती तर आठवीतल्या पोरीच्या डोक्यावर सगळं आलं असतं, मोझरी तर गेलीच असती, आणि तिच्या घरात खंजिरी पुन्हा बंद झाली असती. मला यातलं काहीच नको होतं. मी उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, साहेब, घोरपडीची आहे, आणि पोरींचा यात काही दोष नाही, खंजिरी मी आणली, ती माझ्या मामांची आहे, शालिकराम मामांची, तालुका धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती. पिन कोडसुद्धा सांगितला. मी घाबरले की पूर्ण पत्ता सांगते, त्याला माझा इलाज नाही.

साहेबांनी खंजिरी हातात घेतली. उजेडात धरली, उलटी केली, अंगठ्याने दाबली, वास घेतला. आणि मग जे म्हणाले ते वाक्य त्यांचं आहे, माझं नाही, मी फक्त लिहिते आहे. (मामी, मामांना पाणी द्या.) ते म्हणाले, "म्याडम, मले तं हे बकरीचं दिसून राहिलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण माझ्या तोंडून आपोआप निघालं, नाही साहेब, खरी घोरपड आहे, बोट लावलं की बोलते. आपल्या घराण्याचा अभिमान, मामा, दुसरं काय! साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "तुमी माइकवर बोल्ल्या नसत्या तं मी पाहून न पाहिल्यासारखं केलं असतं. आता एवढ्या लोकायनं आयकलं." त्यांनी खंजिरी कापडी पिशवीत (तुमच्याच) नीट गुंडाळून अकोल्याच्या ऑफिसात नेली, कपाटात ठेवली, आणि सांगितलं की उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मालकाला पाठवा. चामडं कशाचं, कुठून आलं, ते मालकाने सांगावं. बकरीचं असेल तर लगेच घेऊन जा म्हणाले, घोरपडीचं असेल तर मग त्यांच्या हातात काही राहत नाही. माझ्या हातात तर आधीपासूनच काही नव्हतं.

समारोपाचा फोटो ग्रुपवर गेला नाही. जाताना मी गावंडे सरांना विचारलं, सर, माझ्या कायम होण्यावर याचा परिणाम होईल का? सर म्हणाले, बघू. आणि खिडकीबाहेर बघितलं. चंदा घरी जाईपर्यंत माझा पदर धरून चालत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "म्याडम, मी डब्यावर बी वाजवीन. पन तुमी रडू नोका." मी रडत नव्हते, असं मी तिला सांगितलं. ते तेवढं एक खोटं या आठवड्यात बोलले.

तर मामा, असा आठवडा गेला. रागावला असाल तर रागवा, पण जेवण सोडू नका. गावातल्या थोरांच्या पाया पडते, लहानांचे गालगुच्चे, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुमची भाची,
अपेक्षा

ता. क. मामा, पुढच्या सोमवारी कृपा करून अकोल्याला या. मी स्टेशनवर येईन. ऑफिसात साहेबांनी विचारलं की चामडं कशाचं, तर तुम्ही फक्त एवढंच म्हणा, "मले सांगता येत नाही, जुनी वस्तू हाय." रानडुकरांचा विषय काढू नका.

ता. क. २. वरचं सगळं रद्द. मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. साहेब "बकरी" म्हणणार, तुम्ही खुर्चीवरून उठणार आणि "घोरपड हाय, बापजाद्यापासून घोरपड हाय!" असं चार टेबलांना ऐकू जाईल असं ओरडणार. आणि मग मला घरी आईला सांगावं लागेल की मामांना तिकडेच ठेवून घेतलं. तुम्ही घरीच थांबा.

ता. क. ३. मामी, इथून पुढचं मनातल्या मनात वाचा. मामांना सांगा पत्र संपलं, खाली नुसती रांगोळी काढली आहे. काल संध्याकाळी मामा सामुदायिक प्रार्थनेला गेले होते तेव्हा मी फोन केला आणि तुम्ही म्हणालात, "अवं पोरी, कुठची घोरपड? घोरपड तं उंदरानं कवाचीच खाल्ली!" आणि खोकला येईपर्यंत हसलात. मामांच्या हर्नियाच्या वेळी ते अमरावतीच्या दवाखान्यात असताना तुम्ही बडनेऱ्याहून बकरीचं कातडं मढवून आणलं आणि त्यांना कळू दिलं नाही, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मग तुम्ही एकदम गप्प झालात आणि म्हणालात, "मामाले सांगजो नोको वं, खचून जाईन थो माणूस." त्या गप्प होण्याने मला रेंजर साहेबांपेक्षा जास्त भीती वाटली, कारण मामांना खचलेलं मी कधी पाहिलं नाही आणि मला पाहायचं नाही. पण मामी, मालक येऊन बकरी म्हणाला तरच खंजिरी सुटते, आणि मामा बकरी म्हणतील ते खरं कळल्यावरच. तेव्हा तुम्ही त्यांना सांगा, आणि मगच सोमवारी अकोल्याला पाठवा. मशेरी लावून झाली की, पोट भरलेलं असताना. असं म्हणा की इतकी वर्षं सप्त्यात लोक ज्या आवाजाला माना डोलवत होते तो बकरीतून तुमच्या बोटांनी काढलेला होता, घोरपडीतून कुणीही काढेल. (हे वाक्य मी सकाळपासून बसून तयार केलं आहे, असंच्या असं बोला, पुढे काही जोडू नका.) तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. मलाही वाटत होती, आणि माझ्यासमोर तर माइक होता. या आठवड्यात खरं बोलायची माझी पाळी होऊन गेली, मामी. आता तुमची.